शिंक ती शिंकच

मराठी माणसाच्या कामाला आडव्या येणाऱ्या गोष्टी दोनच, मांजर आणि शिंक. मांजर निदान येताना दिसते, हाकलता येते. शिंकेचे तसे नाही. पायात चपला सरकवल्या, हातात पिशवी घेतली, आणि माजघरातून कुणीतरी ‘आक्छी’ केले की भला मोठा कर्ता माणूस मुकाट्याने आत येतो, पाटावर टेकतो, घोटभर पाणी पितो. लागोपाठ दुसरी शिंक आली तर मात्र प्रश्न मिटला. दोन शिंका चांगल्या, असे आपले शास्त्र सांगते. एवढा शिंकेचा धाक असलेल्या समाजाने पैसे मोजून शिंक विकत आणली आणि पितळेच्या डबीत घालून कनवटीला लावली, याचे मला फार नवल वाटते. त्या विकतच्या शिंकेचे नाव तपकीर.

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर मागे टाकले की थोड्याच वेळात कळंब येते. घोड नदीच्या काठचे, ऊस-कांदा-बटाट्याचे गाव. तिथल्या एका आबांची तपकीर मी जवळून पाहिली आहे. चहा ज्याला येईल त्याने करावा, पण तपकीर ओढायला रियाज लागतो, असे त्यांचे मत होते. डबी उघडण्याआधी झाकणावर मधल्या बोटाने दोन टिचक्या, म्हणजे झाकणाला चिकटलेली पूड खाली बसते. मग अंगठा आणि तर्जनीत नेमकी चिमूट, बाकीची बोटे हवेत. चिमूट नाकाशी नेण्याआधी डबी शेजाऱ्यापुढे करायची. त्याने मान हलवून नको म्हणायचे, हेही ठरलेले. मग एका नाकपुडीवर बोट दाबून दुसरीने ‘सुर्र’. बाजू बदलून पुन्हा ‘सुर्र’. डोळे क्षणभर मिटायचे, आणि बोटांना जे उरेल ते धोतराच्या सोग्याला पुसायचे. रोज धुतलेल्या पांढऱ्याशुभ्र धोतराचा तेवढा एक कोपरा जन्मभर तपकिरी राहिला. साबण दमले, सोगा हटला नाही.

गंमत म्हणजे आबा स्वतः कधी शिंकत नसत. मुरलेला तपकीरवाला शिंकत नाही. शिंक ही नवशिक्याची निशाणी. नाकाच्या आतली कातडी इतकी सरावते की तिला राग येईनासा होतो. पण डबीतली पूड वाऱ्यावर उडतेच, आणि मग शिंकायचे काम शेजारपाजाऱ्यांकडे येते. एकदा कांद्याच्या पिशव्या लादलेला ट्रॅक्टर मंचरच्या बाजाराला निघाला होता. आबा पारावर बसलेले, शेजारी त्यांचा नातू. आबांनी ‘सुर्र’ केले आणि नातवाने खणखणीत एक शिंक दिली. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला.

“आबा, ती तुमच्या तपकिरीनं आली. ती धरायची नसती,” ड्रायव्हर वरून ओरडला.

“शिंक ती शिंकच,” आबा शांतपणे म्हणाले. “खाली उतर, पाणी पी, आन् मंग जा. कांदा काय पळून चाललाय व्हय?”

ड्रायव्हर उतरला, पाणी प्याला, मगच गेला. त्या दिवशी कांद्याला काय भाव मिळाला ते मला ठाऊक नाही. पण भाव पडला असता तरी दोष बाजार समितीला गेला नसता, नातवाच्या नाकाला गेला असता.

तंबाखू आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून, आणि तिचा उत्तरेकडचा रस्ता गेला दख्खनमधून. अकबराचा सरदार असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारी वकिलीवर गेला होता. 1604-05 च्या सुमारास परत जाताना त्याने तंबाखू आणि रत्नजडित चिलीम बादशहासाठी नेली. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकिमांनी नाके मुरडली, आणि दरबारात वाद झाला. पुढे जहांगीरने 1617 मध्ये तंबाखूबंदीचे फर्मान काढले. ते किती पाळले गेले, हे कोणत्याही पानटपरीसमोर उभे राहिले की कळते.

नाकाचा मार्ग मात्र युरोपात आधीच राजमान्य झालेला होता. झाँ निको नावाच्या फ्रेंच वकिलाने 1560 मध्ये लिस्बनहून तंबाखू फ्रान्सच्या दरबारी धाडली, आणि डोकेदुखीवरचे औषध म्हणून तिची पूड हुंगली जाऊ लागली. आज ‘निकोटिन’ म्हणून आपण त्या गृहस्थाचेच नाव घेतो. पुढे देवळात प्रार्थना कमी आणि शिंका जास्त होऊ लागल्या, तेव्हा पोप आठवे अर्बन यांनी 1642 मध्ये सेव्हिलच्या चर्चमध्ये तंबाखू घेणाऱ्याला धर्मबहिष्काराची धमकी दिली. ती बंदी 1725 मध्ये तेराव्या बेनेडिक्टांनी उठवली. दोन पोपांमध्ये 83 वर्षे गेली. आपल्याकडे हा प्रश्न घोटभर पाण्यात सुटला असता.

आपल्या लोकांनी तपकिरीला फारसा विरोध केला नाही, याचे कारण आपले नाक आधीपासून तयार होते. आयुर्वेदात नस्य आहे. सर्दीने डोके जड झाले की कायफळाची पूड हुंगवून शिंका काढायची रीत घरोघरी होती. तंबाखू त्याच दाराने आत आली, औषध म्हणून. एकदा औषध म्हणून घरात शिरलेली वस्तू बरे वाटले तरी बाहेर जात नाही. आबांना विचारले, तर पंचवीस वर्षांपूर्वीची सर्दी अजून पुरती गेलेली नव्हती.

आता त्या पानाविषयी. तंबाखूचे बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त बिया भरतात. नुसते फेकले तर कुठे पडले ते पेरणाऱ्यालाही कळत नाही, म्हणून राखेत किंवा वाळूत मिसळून वाफ्यात टाकतात. रोप लावले, वाढले, कळी धरली की शेंडा खुडायचा. बगलेत फुटवे येतात, तेही काढत राहायचे. झाडाला फुलू द्यायचे नाही आणि फांद्याही फुटू द्यायच्या नाहीत, सगळा कस पानात उतरवायचा. खुडताना हाताला चीक लागतो, तो वाळून काळा होतो आणि सहजी निघत नाही. भाकरी कडू लागते. बिडीच्या तंबाखूचे पान पिकले की त्यावर तांबूस ठिपके उठतात, जाणता शेतकरी त्यावरून कापणी ठरवतो, आणि मग पान उन्हात वाळते.

तंबाखूच्या दोन मुख्य जाती. एक गुलाबी फुलाची, उंच, लांब पानाची, बिडी-सिगारेटची. दुसरी पिवळट फुलाची, बुटकी, जाड गोलसर पानाची. ही जास्त कडक, हुक्क्याला, खायला आणि तपकिरीला चालणारी. तिला थंडी मानवते, म्हणून तिचा मोठा मुलूख बिहार-बंगालकडे. तपकिरीसाठी पान ओलसर ढिगात मुरवतात, वाळवतात, भाजतात, कुटतात आणि वस्त्रगाळ करतात. काही ठिकाणी तुपाचा हात आणि चुन्याचा कण देतात. तूप मऊपणासाठी, आणि चुना निकोटिन मोकळे करण्यासाठी. चुन्याने ते पानातून सुटते आणि अंगात झटकन भिनते. तंबाखू मळणाऱ्या कोणाही गड्याला हे रसायनशास्त्र तळहातावर पाठ असते.

मराठी मुलखाची तंबाखूची राजधानी निपाणी. नकाशात ती कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे, भाषेत आपल्यात. तिथे बिडी-तंबाखूचे संशोधन केंद्रही आहे. कळंबचा निपाणीशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध रस्त्याचा आहे. याच पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकणला शरद जोशींनी कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर आणले. त्यांचे शेत जवळच, आंबेठाणला. तेच जोशी 1981 च्या मार्चमध्ये निपाणीला गेले आणि तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. कांद्याला आणि तंबाखूला एकच दुखणे होते. पिकवणाऱ्याच्या हाती चीक राहायचा आणि भाव दुसऱ्याच्या हाती.

त्याच निपाणीच्या वखारींत बाया दिवसभर तंबाखू कुटायच्या, चाळायच्या. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने 1982 मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. आबा डबीतून चिमूटभर घेत आणि डोळे मिटत. वखारीतल्या बाईच्या नाकात ती न मागता, न थांबता जात होती. तिला टिचकी नव्हती, रियाज नव्हता आणि धोतराचा सोगाही नव्हता. तपकिरीच्या ऐटीबद्दल बोलताना ही फुकटची तपकीर मला विसरता येत नाही.

दख्खनच्या गावांत पूर्वी विहिरीच्या कडेला, गोठ्यामागे घरापुरती तंबाखूची चार झाडे लावायची रीत होती. 1943 मध्ये तंबाखूवर केंद्राचा अबकारी कर आला, आणि या पानाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. मिरचीच्या रोपाला कुणी परवाना विचारत नाही, पण तंबाखूच्या झाडाखाली उभा राहिलेला शेतकरी एकदम संशयित झाला. बाजाराला बिडीचे पान हवे होते, संशोधनही तिकडेच वळले. घरापुरत्या गावठी पानाची चौकशी कुणी केली नाही. कळंबच्या शिवारात आज तुम्हाला बिबट्या दिसेल, तंबाखू दिसणार नाही.

इथे आपल्यातला हळवा माणूस जागा होतो. गावठी वाण हरवला म्हटले की आपला गळा दाटतो. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडे, भात यांचे गावठी बी जपले. त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच मिळाली. मग तंबाखूच्या गावठी पानासाठी कुणी गळा का काढू नये? मीही हा प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. पारंपरिक तपकिरीचा महोत्सव, डब्यांचे प्रदर्शन, मान्यवरांच्या हस्ते पहिली शिंक, असा सगळा कार्यक्रम डोळ्यांपुढे उभा राहिला. अध्यक्षांची शिंक एकच आली तर उद्घाटन धरायचे की पुढे ढकलायचे, इथे मी अडलो.

पण खरे अडलो ते दुसरीकडे. 1972 मध्ये डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 खेडुतांची तोंडे त्यासाठी तपासली होती. मुखाचा कर्करोग आणि त्याच्या आधीच्या खुणा शोधायच्या होत्या. पुरुष तंबाखू चघळत होते, आणि बाया तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावत होत्या. तपकिरीची ही घरातली बहीण. तिला डबी नाही, मान नाही. चुलीशेजारी एक पुडी आणि पहाटेचा वेळ. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने 1992 मध्ये बंदी केली. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटखाबंदी आली. घरच्या तव्यावर मात्र कायदा चढत नाही.

म्हणून माझे मत असे. दुर्मीळ झालेली प्रत्येक वस्तू थोर असतेच असे नाही. काही वस्तू लोक शहाणे झाले म्हणून दुर्मीळ होतात. गावठी तंबाखूचे बी राहावे, जरूर राहावे. राजमहेंद्रीला 1947 मध्ये केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था निघाली, वाण जपणे हे तिचे कामच आहे. तिथे ते शीतपेटीत सुखाने झोपू दे. त्याला पुन्हा नाकापर्यंत आणायचे कारण नाही.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली अजून आहे. तिथे आता विजेचे सामान मिळते. एक डबी तपकीर द्या म्हटले तर दुकानदार किती वॅटची, असे विचारील. हा बदल मला मुळीच खटकत नाही. खटकते ते एवढेच की तपकीर गेली आणि तंबाखू राहिली. नाकातून निघाली आणि गालात जाऊन बसली. आबांचे व्यसन चारचौघांत, टिचकी वाजवून, शेजाऱ्याला विचारून चालायचे. घरातल्यांना ते दिसायचे आणि रागवता यायचे. आजच्या पोराच्या गालातली पुडी आईलाही दिसत नाही. तो बोलत नाही, एवढेच तिला दिसते, आणि मुलगा समजूतदार झाला म्हणून ती खूश असते.

तेव्हा विनंती एवढीच. घरातला तरुण मुलगा एकाएकी अबोल झाला तर त्याला तोंड उघडायला सांगा. आजी पहाटे मिश्री लावत असेल तर तिला एकदा दातांच्या डॉक्टरकडे न्या. ती नाही म्हणेल, तरी न्या. आणि माळ्यावर आजोबांची पितळी डबी सापडलीच, तर चिंचेने घासून तिच्यात लवंगा ठेवा, आल्यागेल्यापुढे करा. लवंगेने शिंक येत नाही, आणि कुणाचा ट्रॅक्टरही अडत नाही.