पाच सेकंदांचा विचार

मार्च 1999 मध्ये मेलिसा या व्हायरसने आउटलुकच्या अ‍ॅड्रेस बुकातल्या पहिल्या 50 पत्त्यांवर स्वतःला पाठवलं. मे 2000 मधल्या ‘आय लव्ह यू’ने तेवढाही संकोच बाळगला नाही, सगळ्याच पत्त्यांवर प्रेमपत्रं धाडली. एक्सेलमधून महिनाअखेरीची बिलं आपोआप पाठवायला कारकून जी सोय वापरतो, तीच या दोघांनी वापरली. मग मायक्रोसॉफ्टने पहारेकरी बसवला. एखादा प्रोग्राम मेल पाठवू लागला, की चौकट उघडून विचारणार: तुमच्या नावाने कुणीतरी मेल पाठवतंय, चालेल ना? ‘होय’चं बटण पाच सेकंद दाबताच येत नसे. विचार करायला तेवढा वेळ पुरतो, असा कंपनीचा हिशेब असावा.

तीनशे बिलं पाठवणाऱ्याने तीनशे वेळा विचार करावा, ही अपेक्षा फोल ठरली. आपल्याऐवजी ‘होय’ दाबणारे छोटे प्रोग्राम मिळू लागले. प्रश्न यंत्राचा, उत्तरही यंत्राचं, आणि जबाबदारी मात्र पगारदार माणसाची! कुणी म्हणेल, काहीच न विचारण्यापेक्षा हे बरं. व्हायरस आला त्या दिवशी बरंच. पण रोज उगीच हटकणाऱ्या पहारेकऱ्याचं त्या दिवशी तरी कोण ऐकणार? शिवाय चोरालाही तेच बटण दाबता येतं. 2007 च्या आवृत्तीपासून अँटिव्हायरस अद्ययावत असला, की आउटलुक गप्प राहू लागलं. आता विंडोजच्या नव्या आउटलुकमध्ये बाहेरच्या प्रोग्रामने मेल पाठवण्याची ही वाटच बंद आहे. सुरक्षेचा प्रश्न सुटला, बिलांचा तेवढा उरला. कारकुनांनी जुनं आउटलुक जपून ठेवावं.