पट्टेवालीची नियमावली

वाढत्या वयात पाठीचा कणा नागमोडी व्हायला लागला आणि एक्स-रेवर मोजलेला कॉब कोन २५ ते ४० अंशांत सापडला, की डॉक्टर बहुधा प्लास्टिकचा ब्रेस देतात. आमच्या पनवेलात त्याला पट्टाच म्हणतात. शाळेत घंटा द्यायला एक पट्टेवाला होताच, आता मीही. त्या अधिकारात हे नियम.

आत बनियन हवाच, तोही उलटा, शिवण बाहेर. सुरकुती एकही नको, सकाळची सुरकुती दुपारी खडा होऊन टोचते. पट्टा आडवं पडून आवळावा. कातडीला क्रीम चोपडू नये, मऊ पडून सोलवटते. जुलैत इथे भिंतींनाही घाम येतो, म्हणून दप्तरात दुसरा बनियन. पट्टा काढल्यावर लाली अर्ध्या तासात ओसरली नाही, तर पट्टा बनवणाऱ्याकडे जावं, शौर्य दाखवू नये. मी दाखवलं. आठवडाभर पालथी झोपले.

पडलेलं पेन उचलायला उकिडवं बसावं. किंवा पेन गेलं असं समजावं.

पाठीवर कुणी टकटक केली, तर ‘कोण आहे?’ विचारावं.

तासांची घासाघीस करू नये. अमेरिका-कॅनडातल्या २०१३च्या अभ्यासात पट्टेवाल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, बिनपट्टेवाल्यांत ४८. रोज सरासरी तेरा तास घालणाऱ्यांत तर नव्वदच्या वर! मी तेरावर सौदा मांडला. डॉक्टर म्हणाले, “त्यांनाही अठराच सांगितले होते.”

आता आजी. ‘पोक काढून बसतेस म्हणून झालं,’ हे तिचं निदान. या प्रकाराचं नेमकं कारण सापडलेलं नाही, पोक नाही, दप्तरही नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पटवून घेतलं नाही. मी कर्नाळ्याच्या सुळक्यासारखी बसलेली, वाकायची सोय नाही, तरी येताजाता ‘ताठ बस!’ वैताग नुसता. पावसात माझे बनियन गरम तव्याच्या वर धरून वाळवतेही तीच.

परवा पट्टा काढल्यावर चष्मा लावून पाठीवरची लाली तपासत होती. सवयीने म्हणाली, “ताठ बस.”

“आजी, पोक तूच काढलायस.”

“माझा पट्टा राहिला गं घालायचा,” म्हणाली, आणि घड्याळ बघून माझा पुढे केला.