नियमावर बोट

कचेरीतला किरकोळ बंडखोर संप करत नाही, राजीनामा देत नाही आणि आवाजही चढवत नाही. पंखा, खुर्ची, हजेरी आणि साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एवढेच त्याचे रणांगण. कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी तो हमखास आढळतो. हुद्दा बहुधा कारकुनाचा, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, बिऱ्हाड साताऱ्यात. गावकरी त्याला ‘भाऊसाहेब’ म्हणतात.

सातारच्या मातीला बंड नवे नाही. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात इंग्रजी अंमल खिळखिळा केला. १९७७-७८ साली राज्यातले सरकारी कर्मचारी ५४ दिवस संपावर होते. भाऊसाहेबांचे गाऱ्हाणे मात्र असे असते, की बोलून दाखवले तर हसेच होईल: दोन टेबलांना मिळून पंखा एक आणि रेग्युलेटर पलीकडच्याच्या हाताशी. पंख्यासाठी कोणती संघटना काळ्या फिती लावणार? म्हणून हा लढा एकट्यानेच चालवावा लागतो.

हत्यार एकच, आज्ञापालन. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली. एसटीच्या कृपेने झालेल्या दहा मिनिटांच्या उशिरावर साहेबांनी शेरा मारला, की त्या दिवसापासून भाऊसाहेब सव्वासहाच्या ठोक्याला वाक्य अर्धे टाकून उठतात. पडद्यावर ‘आपणांस कळविण्यात येते की’ एवढेच राहते. काय कळवायचे ते उद्या. अंगठ्याच्या यंत्राशी तर त्यांचे उघड वैर. तालुक्यात आल्याचे पीक मोठे, त्यामुळे यंत्राने अंगठा नाकारला की खुलासा तयार असतो: “सुट्टीत आलं काढलं साहेब, रेषाच झिजल्यात. मस्टरवर सही करू का?” रानात ते बांधावर उभे राहून फक्त गडी मोजत होते, ही गोष्ट वेगळी.

खुर्चीचा प्रश्न त्यांनी कायमचा मिटवला आहे. धड पाठ असलेली एकुलती एक खुर्ची सायकलच्या साखळीने टेबलाच्या पायाला जखडलेली असते आणि कुलपाची किल्ली करदोट्याला. रविवारी ग्रुपवर ‘माहिती तातडीने सादर करावी’ असा आदेश पडला, तर निळी खूण दिसत नाही, कारण सुट्टीत भाऊसाहेब ग्रुप उघडतच नाहीत. सोमवारी पावणेदहाला साहेबांच्या टेबलावर नम्र टिपणी जाते: सदर आदेश लेखी मिळावा, ही विनंती. साहेबही मुरलेले असतील तर ‘चर्चा करावी’ एवढेच लिहून टिपणी परत पाठवतात, आणि मग चर्चेची वेळ ठरवण्यासाठी दुसरी टिपणी निघते.

हे तंत्र जगाला ठाऊक आहे. प्रतिसरकार भरात असताना, १९४४ साली, अमेरिकेच्या ओएसएस या हेरखात्याने शत्रूच्या मुलखातल्या सामान्य नोकरदारांसाठी घातपाताची पुस्तिका काढली. तिच्यातला सल्ला असा: प्रत्येक काम रीतसर मार्गानेच जाऊ द्या, विषय समितीकडे सोपवा, पत्रातल्या शब्दांवरून वाद घाला. भाऊसाहेबांना तिच्यात शिकण्यासारखे काही सापडले नसते.

दप्तरदिरंगाईविरुद्धचा २००५ चा कायदा सांगतो, की फाईल सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त अडकू नये. भाऊसाहेब कायदा मोडत नाहीत. सातव्या दिवशी त्रुटी काढून फाईल खाली पाठवतात. इथे मात्र त्यांचे कौतुक आवरते घ्यावे लागते. राग साहेबांवरचा, पण खेटा पडतो रहिमतपूरहून एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला. बाकड्यावर बसून त्याला पंख्याचे हे राजकारण कळत नाही. तिथला वारा तर त्यालाही लागत नसतो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ होते. पुढे भाऊसाहेबांचे पेन्शनचे प्रकरण परत येते: सेवापुस्तकात एका पानावर स्वाक्षरीखाली दिनांक नाही. भाऊसाहेब चष्मा पुसून शेरा दोनदा वाचतात. घरच्यांनी त्या लिहिणाऱ्याला शिव्या घालायला सुरुवात केली, की ते हात वर करून थांबवतात.

“मुद्दा बरोबर काढलाय त्यानं,” ते म्हणतात, आणि अक्षर कुणाचे ते निरखू लागतात.