पंचावन्न इंची मीमांसा

मीमांसकांचा रिवाज असा, की आधी विषय मांडावा, मग संशय, मग पूर्वपक्षाला पोटभर बोलू द्यावं आणि तो दमला की सिद्धान्त सांगावा. आपला विषय: बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावायचा टीव्ही. संशय: त्रेचाळीस इंची घ्यावा, की वर चौदा हजार टाकून पंचावन्न इंची? जैमिनींनी यज्ञातल्या बारीकसारीक गोष्टींचा कीस काढला, पण या प्रश्नाला हात घातला नाही. त्यांच्या काळी हप्त्यांची सोय नव्हती, त्यामुळे माणसं ऐपतीबाहेरचा संशय घेतच नसत.

निकाल लावायला पुणे जिल्ह्यातले जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके सोडून लांब जायचं कारण नाही. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याच्या आदल्या वर्षी, १९७१ मध्ये, नारायणगावजवळच्या आर्वीला विक्रम भू-उपग्रह केंद्र उभं राहिलं होतं, २९.७ मीटर व्यासाच्या डिशसकट. म्हणजे राज्याकडे टीव्ही नव्हता तेव्हा जुन्नर तालुक्याकडे डिश होती. पुढे खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आली, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशांची. एवढ्या सामग्रीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला पुण्याचा पाहुणा येऊन ‘तुमच्याकडे रेंज येते का’ असं विचारतो, तेव्हा त्याला चहा तरी का द्यावा? आंबेगावचं प्रकरण निराळं. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली, कचेरी घोडेगावला आणि मोठा बाजार मंचरला. आपल्या विषयाला त्यातलं मंचर तेवढं लागतं.

विवेचनासाठी किमती धरू: त्रेचाळीस इंचीला २६ हजार, पंचावन्न इंचीला ४० हजार. इंच मोजतात तिरके, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. शेतकऱ्याला तिरकी मोजणी मान्य नसते. बांधाच्या भांडणात मोजणीदारानं तसं केलं तर त्याला परत जाऊ देणार नाहीत. म्हणून पडद्याचं क्षेत्रफळ काढलं. त्रेचाळीस इंची भरतो साडेपाच चौरस फूट, पंचावन्न इंची नऊ. इंच वाढले बारा, पण जागा झाली दीडपटीच्या वर. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, तेव्हा पंचावन्न इंची टीव्ही म्हणजे गुंठ्याचा एकशेएकविसावा हिस्सा. सातबाऱ्यावर लागण्याइतका नाही, पण भावकीत चर्चा होण्याइतका नक्की.

दर काढला तर लहान टीव्ही चौरस फुटाला ४७०० रुपयांच्या वर पडतो आणि मोठा साडेचार हजारांच्या आत. वरचे साडेतीन चौरस फूट तर चार हजारांनी मिळतात. म्हणजे मोठाच स्वस्त! हे दुकानदार सांगत नाही, कारण त्याला ते ठाऊक नाही. आणि गिऱ्हाइकाला सांगू नये, कारण याच हिशेबानं माणूस पुढे गुंठाभर टीव्ही घ्यायला निघेल. त्याला अठ्ठेचाळीस लाखांच्या वर लागतील.

सरकारनंही या विषयात चिंतन केलेलं आहे. १ जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंतच्या टीव्हीला अठरा टक्के जीएसटी आणि त्यावरच्याला अठ्ठावीस, अशी वाटणी होती. गरजेची आणि चैनीची सीमा बत्तीस इंचांवर आहे, एवढा नेमका निर्णय एकाही स्मृतिकारानं दिलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीलाही अठरा टक्के लागू झाले आणि ती सीमा पुसली गेली. आता चैन कुठे सुरू होते हे ज्याचं त्यानं ठरवायचं आहे, आणि घोळ तिथूनच आहे.

चौदा हजार म्हणजे किती, याचं उत्तर रुपयांत देता येत नाही, हे या तालुक्यांच्या बाहेर कुणाला पटत नाही. इथलं नाणं क्रेट. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजारांच्या वर गेला होता. त्या दिवसांत मोठ्या टीव्हीसाठी वर टाकायचे पैसे म्हणजे सात क्रेट, पिकअपच्या एका कोपऱ्यात मावतील एवढे. क्रेट शंभराला निघतो त्या दिवशी तेच पैसे एकशेचाळीस क्रेट होतात, त्यातून तोडणी, वाहतूक आणि हमाली वजा जाते, आणि माणूस टीव्ही सोडून आकाशाकडे बघत बसतो. टीव्ही तोच, दुकान तेच, भिंतही तीच. बदलतो तो टोमॅटो. ऊसवाल्याचं तसं नाही. ‘विघ्नहर’ किंवा ‘भीमाशंकर’ साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्याला पैसे उशिरा का होईना पण अंदाजानं मिळतात, म्हणून तो विचार करून त्रेचाळीस इंची घेतो. टोमॅटोवाला एक तर पासष्ट घेतो, नाही तर रिमोटचे सेलसुद्धा बदलत नाही.

आता पूर्वपक्ष. तो दुकानात राहतो. मंचरच्या कुठल्याही दुकानात जा, भिंतीवर एका रांगेत बत्तीस, त्रेचाळीस, पंचावन्न, पासष्ट टांगलेले, आणि सगळ्यांवर एकच चित्रफीत: निळ्या पाण्यातले मासे, कापलेलं डाळिंब, पंख फडफडवणारा पोपट. आपल्या घरी यातलं काहीच लागणार नसतं. घरी लागणार असतात बातम्या, कुस्त्या आणि सासूची मालिका. पण पासष्टच्या शेजारी पंचावन्न मध्यम दिसतो आणि त्रेचाळीस तर शाळेच्या पाटीसारखा. त्रेचाळीस घ्यायला आलेलं कुटुंब रांगेसमोर गप्प उभं राहतं. मुलगा सर्वांत मोठ्यासमोर, बाप किमतीच्या चिठ्ठीसमोर, आई दाराशी, कारण घरी म्हशीची धार काढायची वेळ झालेली.

“आबा, एकदाच घ्यायचाय ना? मग परत बारक्याचा पस्तावा नको,” शेठ म्हणतात.

“पण खोली केवढी आमची!”

“खोली काय, उद्या बांधाल की मोठी. टीव्ही काय रोज घेता का?”

घर टीव्हीच्या मापानं बांधावं, हा युक्तिवाद न्यायशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. पण आबा मान हलवतात. पूर्वपक्षाचं बळ तर्कात नसतं, त्यानं आधीच मागवलेल्या चहात असतं.

उत्तरपक्ष डोळ्यांपासून सुरू करू. चित्रपटगृहाच्या जाणकारांचा एक ठोकताळा आहे, की पडद्यानं नजरेचा तीसेक अंशांचा कोन व्यापावा. त्यासाठी पडद्याच्या तिरक्या मापाच्या एक पूर्णांक सहा दशांश पट अंतरावर बसायचं. त्रेचाळीस इंचीला हे अंतर पावणेसहा फूट येतं, पंचावन्न इंचीला सव्वासात. बारा फुटी खोलीत दिवाण एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला असेल, तर डोळे नऊ फुटांवर राहतात. तिथून त्रेचाळीस इंची वीस अंश भरतो, पंचावन्न इंची पंचवीस. जाणकारांच्या मते दोन्ही अपुरे. पण जाणकार कधी नारायणगावला तमाशाला बसले नसावेत. विठाबाई नारायणगावकरांच्या फडात साठ फुटांवर, शेवटच्या रांगेत बसलेल्या रसिकाला नर्तकी जेमतेम पाच अंशांची दिसायची. पंचावन्न इंची टीव्हीवर नऊ फुटांवरून उभं माणूस त्याच्या जवळजवळ तिप्पट भरतं. त्या रसिकानं कधी तक्रार केली नाही, फेटा उडवला. तेव्हा आकारावर रसनिष्पत्ती अवलंबून असते, हे मत आम्हाला ग्राह्य नाही.

उलट मोठ्या पडद्याचा एक दोष आहे तो कुणी बोलून दाखवत नाही. घरावर डीडी फ्री डिशची ताटली असेल तर येणारं साधं चित्र ५७६ रेषांचं. त्या रेषा त्रेचाळीस इंचावर पसरल्या की प्रत्येकीच्या वाट्याला एक मिलिमीटरही येत नाही. पंचावन्नवर जवळजवळ सव्वा मिलिमीटर येतो. निरोगी डोळ्याला त्या दिसू नयेत असं वाटत असेल तर साडेतेरा फूट मागे जायला हवं. खोली बारा फुटांची. म्हणजे पंचावन्न इंची टीव्हीवर सह्याद्री वाहिनी नीट बघायची तर ओसरीत बसून, दारातून बघावी लागेल, आणि ओसरीत थंडी. इंटरनेटवरून येणाऱ्या स्वच्छ चित्राची गोष्ट वेगळी. तिथे पंचावन्न शोभतो, फक्त नेट टिकलं पाहिजे आणि लाइट असली पाहिजे. खोडदची दुर्बीणही हेच सांगते: तिला बारकावे दिसतात ते एकेक डिश मोठी आहे म्हणून नव्हे, डिशा पंचवीस किलोमीटरपर्यंत विखुरल्या आहेत म्हणून. स्पष्ट दिसणं हा अंतराचा मामला आहे. आमच्या घरात पंचवीस किलोमीटर नाहीत.

मग शोकेस. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बांधलेल्या बहुतेक घरांत सुतारानं भिंतभर शोकेस केलेलं असतं. मधला खण एकवीस इंची डब्यासाठी, वर गणपती, बाजूला बैलगाडा शर्यतीची ढाल आणि मुलाचा दहावीचा फोटो. उदार सुतारानं तो खण साडेतीन फुटांचा ठेवला असेल तर त्रेचाळीस इंची आत बसतो, कारण त्याची रुंदी सदतीस-अडतीस इंच. पंचावन्न इंची चार फूट रुंद. तो बसवायचा तर शोकेस तोडायचं, म्हणजे सुतार, मग गवंडी, मग रंगारी, आणि रंगारी आला की एकच भिंत रंगवून जात नाही. ढाल कुठे लावायची यावर दोन भावांत अबोला. चौदा हजारांच्या प्रश्नाची खरी किंमत इथे उघड होते. पैशाचे आकडे दुकानात असतात. खर्च भिंतीत असतो.

बिबट्याला वगळून या भागातलं कोणतंही शास्त्र पुरं होत नाही. हा थट्टेचा विषय नाही. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. रात्री पाणी धरायला उसात जाणं नको म्हणून दिवसा वीज द्या, ही मागणी शेतकरी उगाच करत नाहीत. अंधार पडला की वस्तीवरचं घर आतून कडी लावतं, टीव्ही सुरू होतो तो जेवण उरकेपर्यंत. अनेक वस्त्यांवर आता गोठ्यावर कॅमेरा लावतात आणि त्याचं चित्र याच टीव्हीवर बघतात. भारतीय बिबट्याची मादी, शेपूट सोडून, साधारण साडेतीन ते पावणेचार फुटांची. नर सव्वाचार ते पावणेपाच. पंचावन्न इंची पडदा चार फूट रुंद आणि पासष्ट इंची पावणेपाच. म्हणजे मादी पंचावन्नवर आडवी उभी राहिली तर जशीच्या तशी, मापात मावते. नराला पासष्ट लागतो. शेपटीची सोय अद्याप कोणत्याही कंपनीनं केलेली नाही. विक्रीकलेला हा मुद्दा कसा सुचला नाही कोण जाणे.

पण हाही मुद्दा शेवटी मोठ्या पडद्याच्या विरुद्ध जातो. स्वस्त कॅमेरा रात्री राखाडी धुरळा पाठवतो. लहान पडद्यावर तो धुरळा कुत्रं आहे की वासरू अशी शंका येते. मोठ्यावर तीच शंका चार फूट रुंद होते. गोठ्यात काय शिरलं हे कळायला इंच कामाला येत नाहीत. चांगला कॅमेरा आणि बाहेरचा दिवा येतो.

राहिलं शेवटचं आणि सर्वांत जुनं प्रमाण: नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली, गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापणं किती, हे सगळं आकड्यांसकट भिंतीवर कोरलेलं. त्यातला २४,४०० हा आकडा अंकलिपीच्या अभ्यासकांना पाठ असतो. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांमध्ये तिथले अंक गणले जातात. आणि हे लेणं घाटाच्या तोंडाशी आहे, कोकणातून वर येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या वाटेवर. जाणाऱ्यायेणाऱ्यानं वाचावं हाच हेतू. म्हणजे आपण केलेला खर्च भिंतीवर, येणाऱ्याच्या नजरेसमोर, ठळक लावून ठेवायची जुन्नर तालुक्याची सवय दोन हजार वर्षांची आहे. पंचावन्न इंची टीव्ही हा त्याच परंपरेतला शिलालेख. तो सुरू असो वा बंद, सोयरे दारातून आत आले की वाचतात. लग्नाच्या बोलणीला घर बघायला आलेल्या मंडळींपैकी कुणी ‘यात किती पिक्सेल’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. ‘केवढ्याला घेतला’ मात्र विचारतातच.

हा अर्थ नीट धरला तर सिद्धान्त अवघड नाही. चित्रासाठी चौदा हजार जादा घालणं, नऊ फुटी अंतरावर आणि फ्री डिशवर, फुकट आहे. शिलालेखासाठी घालणं योग्य आहे, पण मग तसं मनाशी कबूल करावं. नागनिकेनं दक्षिणेची रक्कम ‘गरज होती’ म्हणून खपवली नव्हती. घरात नेट असेल, दहा-बारा माणसं मॅच बघायला जमत असतील आणि मुलीचं किंवा मुलाचं लग्न काढायचं असेल, तर पंचावन्न घ्यावा, बिनघोर. वस्तीवर राहणाऱ्यानं त्रेचाळीस घ्यावा आणि उरलेल्या पैशांतून गोठ्यावर बरा कॅमेरा आणि अंगणात दिवा लावावा. दोघांनाही आमचं एवढंच सांगणं, की मंचरला निघण्यापूर्वी शोकेसच्या खणाचं माप टेपनं घ्या आणि चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. शेठनं चहा मागवला की ते माप डोक्यात राहत नाही.