पडले किती, लागली कुठे?

मराठीत मार्क पडतात आणि नोकरी लागते. एरवी माणूस पडला की त्याला लागतं. इथे मार्क पडले की नोकरी लागते, आणि मधल्या काळात लागतो तो नुसता घोर. आमच्या ताईकडे सध्या हा मधला काळ चालू आहे. भाच्याचं इंजिनियरिंगचं आठवं सेमिस्टर संपलंय, निकाल ‘याच आठवड्यात’ आहे, आणि हा आठवडा गेले तीन आठवडे सुरू आहे.

मी गेलो तेव्हा भाचा मोबाइलवर आकडेमोड करत बसला होता. सातव्या सेमिस्टरपर्यंत सीजीपीए 6.7. “मामा, याचे टक्के किती होतात रे?” चार वर्षं गणितं घासलेल्या मुलानं मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मामाला हे विचारावं, यावरून परिस्थिती किती बिकट आहे ते कळावं. पण प्रश्न खरंच अवघड आहे. एआयसीटीईच्या हिशेबानं सीजीपीएतून पाऊण वजा करून दहानं गुणायचं: 59.5. सीबीएसईनं दहावीच्या ग्रेडसाठी दिलेला साडेनऊचा पाढा लावला तर 63.65. भावोजींची पद्धत सर्वांत सरळ, नुसतं दहानं गुणायचं: 67. शिवाय विद्यापीठागणिक सूत्र निराळं. म्हणजे एकाच खुर्चीत तीन मुलं बसली होती. एक वाया गेलेला, एक बरा आणि एक वास्तुशांतीला चारचौघांत सांगता येण्याजोगा.

यातला पहिला खरा निघाला तर पंचाईत. कारण कॉलेजच्या फळ्यावर लागलेल्या कंपनीच्या सूचनेत स्पष्ट म्हटलंय: दहावी, बारावी, पदवी, ‘60 थ्रूआउट’, आणि एकही जिवंत केटी नको. म्हणजे दहावीत भूमितीनं दगा दिलेला मुलगा सहा वर्षांनी सॉफ्टवेअर तपासायला नालायक ठरतो. जिल्हा चालवायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे केंद्रीय लोकसेवा आयोग नुसती पदवी मागतो, टक्के विचारत नाही. काठावर पास झालेला कलेक्टर होऊ शकतो. कलेक्टर कचेरीला संगणकप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीत मात्र त्याला गेटवरचा वॉचमन आत सोडणार नाही.

हे साठच का, एकसष्ट का नाही, असं मी मनुष्यबळ खात्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना विचारलं. ते प्रामाणिक निघाले. “जागा मूठभर, अर्ज पोतंभर. वाचणार कोण? साठची चाळणी लावली की ढीग कमी होतो.” गळाले त्यांत कुणी हुशार असले तर? “ते आम्हाला कधीच कळत नाही ना,” ते समाधानानं म्हणाले, “हाच तर चाळणीचा फायदा.”

ताईच्या सासूबाईंना, म्हणजे आजींना, यातलं काही पटत नाही. त्यांच्या काळी पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि ‘सुटला’ एवढे तीनच प्रकार होते. आता यूजीसीच्या दहा गुणांच्या पट्टीवर सर्वोच्च श्रेणीचं अक्षर ‘ओ’. गुणपत्रिकेत वर्कशॉपसमोर तो पाहून आजींनी डोळ्यांना पदर लावला. “शून्य? अरे, हजेरीचे तरी द्यायचे!” समजूत काढायला अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात बाकीच्या विषयांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून भाचा आजींचा ऋणी आहे.

निकालाच्या विलंबाबद्दल मात्र मी त्याला धीर दिला. 2017 साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि अखेर कुलगुरूंनाच पदावरून जावं लागलं. मुलांना निदान एटीकेटी असते. 2020 साली तर परीक्षा घ्यायची की नाही, यावरच राज्य सरकार आणि यूजीसी यांची जुंपली. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं परीक्षेविना पदवी नाही असं सांगितलं, तेव्हा कुठे मुलं घरच्या वायफायवर परीक्षेला बसली. पुढे त्यांना ‘कोविड बॅच’ म्हणून हिणवलं गेलं ते वेगळंच. हिणवणाऱ्यांनी आपापल्या काळी गाइडं पाठ केली होती.

(मला स्वतःला किती पडले होते? 56.4. तीस वर्षं झाली. बायकोचा वाढदिवस विसरतो, हे विसरत नाही. आजवर एकाही संपादकानं विचारलेले नाहीत, याचा थोडा रागही आहे.)

असो. निकाल लागला. प्रोजेक्टच्या मार्कांनी हात दिला आणि गाडी 6.8 वर जाऊन थांबली. एआयसीटीईच्या मापानं साडेसाठ. ताईनं पेढे वाटले, गुणपत्रिका हाती आली त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून आणली, आणि देवापुढे ठेवली. मुलाखतीत भाच्याला तीनच प्रश्न आले: रात्रपाळी चालेल का, चेन्नईला जाशील का, दोन वर्षांचा बाँड मान्य आहे का. तिन्हींची उत्तरं ‘हो’ होती आणि एकाचाही अभ्यासक्रमाशी संबंध नव्हता.

पहिल्या दिवशी कागदपत्रांची तपासणी झाली. तिथल्या मुलीनं गुणपत्रिका हातात घेतली, उजेडात धरून शिक्का पाहिला, मग लॅमिनेशनवर नख मारत म्हणाली, “हे कशाला केलंत? स्कॅनला चकाकतं.” आणि पुढच्याला बोलावलं. दुपारी ताईचा फोन गेला.

“किती आहेत ते बघितलं ना रे त्यांनी?”

“नाही गं आई. शिक्का बघितला.”

ताई क्षणभर गप्प झाली.

“मग तू आपणहून सांगायचंस की! अडुसष्ट म्हणून!”