मोझेलकाठचा चतुष्पाद यात्रेकरू

जर्मनीतील मोझेल नदीच्या काठाने पेर्ल ते कोब्लेंझ अशी सुमारे 365 किलोमीटरची ‘मोझेलस्टाइग’ ही पायवाट 2014 साली खुली झाली. कुत्र्याला घेऊन निघाले, की नदी, द्राक्षमळे आणि जंगल ही सुखे मालकाची. कुत्र्याच्या वाट्याला नियम येतात. आगगाडीत मोठ्या कुत्र्याला तिकीट लागते, तोंडाला जाळीही लागते. आसन मात्र मिळत नाही. शिवाय गावची पालिका त्याच्या नावाने वार्षिक कर वसूल करते. म्हणजे नागरिकत्वाचा खर्चिक भाग त्याला पूर्ण लाभलेला आहे.

ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा युरोपातील सर्वांत उभ्या द्राक्षमळ्यांपैकी एक. त्यातून जाणाऱ्या एका वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. तेथे मालक कुत्र्याला खांद्यावर घेतो आणि ‘त्याला व्यायाम हवा’ हे आपले मत तात्पुरते मागे घेतो. मळ्यात रीझलिंग द्राक्षांचे घड नाकासमोर लोंबतात. पण द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक, थोडी खाल्ली तरी. त्याच द्राक्षांची वाइन संध्याकाळी मालकाच्या यकृताकडे रवाना होते, त्याला कोणाची हरकत नसते. जंगलातल्या गोचिडी तेवढ्या दोघांत भेद करत नाहीत. मुक्कामाला अनेक हॉटेलांत कुत्र्याचे पैसे वेगळे पडतात. न्याहारी त्यात धरलेली नसते.