मावशीचा गोतावळा

मावशीपुढे नवा माणूस आला की ती त्याचं नाव विचारत नाही, आडनाव विचारते. आम्हा बेने इस्रायली ज्यूंची आडनावं कोकणातल्या गावांवरून पडलेली: पेणकर, रोहेकर, नागावकर, केहीमकर. आडनाव कळलं की मावशीचं निम्मं काम झालं. "झिराडकर? गिरणीतल्या जॉबरचे, की शिंपीकाम करायचे त्यांचे?" समोरचा तोंड उघडेपर्यंत तिनं त्याला आपल्या नणंदेच्या चुलतदिराचा मेहुणा करून टाकलेलं असतं.

कुणी शंका काढलीच, तर ती थेट नवगावला जाते. अलिबागजवळच्या त्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही आमची आख्यायिका. "सात जोडप्यांचा पसारा हा. त्यात परका येणार कुठून?" यावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

लग्नं जुळवताना मात्र तिला शेजारच्या खोलीत बसवावं लागतं. एकदा सगळं ठरत आलं होतं. मुलीची आई चहाचा कप खाली ठेवते न ठेवते तोच मावशी आनंदून म्हणाली, "म्हणजे तुमचेच आजोबा सांदणं कमी पडली म्हणून पंगतीतून उठले होते!" कप तिथंच राहिला.

भायखळ्याच्या चाळीतली एक खोली, काकांची पोर्ट ट्रस्टमधली कारकुनी. इस्टेट म्हणावी असं काही नाही. पण १९४८नंतर कुलाबा जिल्ह्यातून इस्रायलला निघालेली निम्मीअधिक नातलग मंडळी (हा हिशेब तिचाच) याच खोलीत पथाऱ्या टाकून गेली. कोण किती दिवस राहिलं, कुणी काय उसनं नेलं, सगळं तिच्या डोक्यात. एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा केला की भिजवलेल्या पोह्यांत खोबरं-साखर कालवून, वर केळ्याच्या चकत्या आणि खजूर ठेवून ती वाटे करते: हा लोदचा, हा अश्दोदचा, हा दिमोनाचा. त्यांच्या वतीनं खायचं काम आम्हा पोरांचं. अश्दोदच्या एका मामाच्या वाट्यावर मी चांगला बाळसेदार झालो. मामांना अजून पाहिलेलं नाही.

परवा दिमोनाहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर एक दाढीवाला तरुण. त्याला मराठी येईना, मावशीला हिब्रू. तिनं मोबाइल नाकाशी धरून त्याला न्याहाळलं. "कान केहीमकरांचे," ती म्हणाली. मागून त्याची आजी पुढं आली, रडली, मावशीही रडली. मग पदरानं डोळे पुसत मावशीनं विचारलं, "तुझ्या नवऱ्यानं जाताना आमच्या सासऱ्यांची छत्री नेली होती. तुमच्याकडे तर वाळवंट आहे म्हणतात. मग ती अजून ठेवून काय करता?"